इसब ओळखावा कसा?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल. ज्वर, खोकला, अजीर्ण यांविषयीं चार माणसांत बोलतांना कोणाला संकोच वाटत नाहीं. पण अंगावरील चट्ट्याविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे आवाज आपोआप खालीं येतो. शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली जाते, पदर मानेभोंवतीं घट्ट घेतला जातो, आणि घरच्या घरीं कसलें तरी मलम चोळून तें प्रकरण मिटविण्याचा यत्न होतो. या लपवालपवीनें रोग बरा तर होत नाहींच, उलट त्याची ओळख पटण्यास उशीर मात्र होतो. म्हणूनच आज इसब या अगदीं सामान्य रोगाविषयीं, आणि विशेषतः तो ओळखावा कसा याविषयीं, उघडपणें चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

मी वैद्य नाहीं आणि डॉक्टरही नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि त्यानंतरचा माझा सारा काळ प्राथमिक शाळेंत मुलांपुढें उभा राहण्यांत गेला. तेव्हां औषध सांगण्याचा अधिकार मला नाहीं, व तें मी सांगणारही नाहीं. पण नीट पाहणें हें प्रत्येकाचें काम आहे. पहिलींतल्या मुलाला आम्ही आधीं अक्षर ओळखावयास शिकवितों. 'घ' आणि 'ध' यांतला भेद त्याच्या डोळ्यांना पटला नाहीं, तर पुढचें सारें वाचन चुकत जातें. रोगाचेंही तसेंच आहे. ओळख चुकली कीं औषध चुकतें, पथ्य चुकतें, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्या रोग्याशीं आपलें वागणें चुकतें.

प्रथम इसब म्हणजे काय तें पाहूं. त्वचेला दाह होतो, खाज सुटते, ती जागा कधीं ओलसर होऊन पाझरते तर कधीं कोरडी पडून भेगाळते, आणि बरी झालीसें वाटतें तोंच पुन्हां उलटते. या विकाराला आपण इसब म्हणतों. इंग्रजी वैद्यकांत याला एक्झिमा असें नांव आहे. हा शब्द मूळचा ग्रीक असून 'उकळून वर येणें' असा त्याचा अर्थ होतो. दाह झालेल्या त्वचेवर पाण्याचे बारीक बारीक फोड जे उठतात, त्यांना हें नांव चांगलें शोभतें. इसबाच्या जाती पुष्कळ आहेत. परंतु मुलांत सर्वांत अधिक आढळणारी व घराण्यांतून चालत येणारी जी जात, तिला डॉक्टर 'अटॉपिक डर्माटायटिस' म्हणतात. आज मी मुख्यतः तिच्याविषयींच बोलणार आहें.

हा रोग होतो तरी कशानें? त्वचा ही शरीराची तटबंदी होय. तिच्या वरच्या थरांतील पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात, आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध द्रव्याचा जणुं चुना भरलेला असतो. कित्येकांच्या तटबंदींत हा चुना जन्मतःच कमी पडतो, किंवा विटाच कच्च्या असतात. मग आंतलें पाणी उडून जाऊन त्वचा कोरडी पडते, आणि धूळ, घाम, साबण, लोकर यांचा उपद्रव खोलवर पोंचतो. शरीराचें रक्षकदळ नको तितकें खवळून उठतें, आणि दाह सुरू होतो. त्वचेंत फिलॅग्रिन नांवाचें एक प्रथिन असतें. तें ज्यांच्या अंगीं अनुवंशानें कमी असतें, त्यांना इसब होण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो, हें २००६ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. प्रत्येक रोग्यांत हेंच कारण असतें असें नव्हे. पण एवढें निश्चित कीं, इसब हा अस्वच्छतेचा रोग नाहीं, तो कोणाच्या पापाचें फळ नाहीं, आणि तो सांसर्गिक नाहीं. हें शेवटचें वाक्य मी पुन्हां सांगतों. शिवल्यानें, एका बाकावर बसल्यानें, एका ताटांत जेवल्यानें, किंवा एका अंथरुणावर निजल्यानें इसब एकाचा दुसऱ्याला होत नाहीं.

मग लोक त्याला इतके भितात कां? याचें कारण बव्हंशीं नांवांच्या घोटाळ्यांत आहे. आपल्या चरकसंहितेंत त्वचेचे पुष्कळसे विकार 'कुष्ठ' या एकाच नांवाखालीं गोंवले असून त्याचे अठरा प्रकार सांगितले आहेत. सात महाकुष्ठें आणि अकरा क्षुद्रकुष्ठें. या अकरांत 'विचर्चिका' म्हणून एक आहे. खाज, काळसर पुटकुळ्या आणि पुष्कळ स्राव हीं तिचीं लक्षणें, आणि तीं आपल्या पाझरणाऱ्या इसबाशीं चांगलीं जुळतात. ग्रंथकारानें भेद नीट केला होता. पण पुढें 'कुष्ठ' हा शब्द लोकांच्या तोंडीं एका महारोगापुरताच उरला, आणि त्याची भीति मात्र अंगावरच्या हरएक चट्ट्याला चिकटून राहिली.

युरोपांतही याहून निराळा प्रकार नव्हता. ज्याला आज सोरायसिस म्हणतात, त्या खवल्यांच्या रोगाची तिकडे दीर्घ काळ कुष्ठरोगाशीं गल्लत होत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे डॉक्टर रॉबर्ट विलन यांनीं पुटकुळी, फोड, खवला, डाग अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून त्वचारोगांची वर्गवारी करण्याचा परिपाठ घातला; आणि १८४१ सालीं व्हिएन्ना येथील फेर्डिनांड फॉन हेब्रा यांनीं सोरायसिस व कुष्ठरोग हे दोन अगदीं वेगळे रोग होत असें स्पष्ट केलें. त्या काळीं रक्ताची परीक्षा नव्हती, क्ष-किरण नव्हते. डोळे आणि धीर एवढेंच त्यांचें साहित्य होतें. आणि तेवढ्यावर त्यांनीं हें काम केलें.

आतां आपण इसबाच्या खुणांकडे वळूं. मुख्य खुणा चार आहेत.

पहिली खूण खाज. मुलाला खाज मुळींच नसेल, तर तो चट्टा बहुधा इसबाचा नव्हे असें समजावें. कित्येकदां खाज आधीं येते आणि चट्टा मागाहून. खाजविल्यानें चट्टा उठतो, चट्ट्यानें खाज वाढते, असें हें रहाटगाडगें चालूं राहतें. रात्रीं तिचा जोर विशेष. तान्हें मूल हातानें नीट खाजवूं शकत नाहीं, म्हणून तें उशीवर गाल घासतें व झोंपेंत तळमळतें. मोठें मूल सकाळीं पेंगुळलेल्या डोळ्यांनीं शाळेंत येतें, वर्गांत चुळबूळ करतें, शेजाऱ्यावर चिडतें, आणि लौकरच त्याला आळशी किंवा व्रात्य अशी पदवी मिळते. माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंति आहे कीं, अशा मुलाला शिक्षा सांगण्यापूर्वीं त्याच्या कोंपराची आंतली बाजू एकवार पाहावी.

दुसरी खूण चट्ट्याचें स्थळ आणि रूप. वयानुसार इसबाचें स्थळ बदलतें. तान्ह्या मुलांत तो गालांवर, कपाळावर, डोक्यावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूंना उठतो. लंगोटाखालची जागा मात्र बहुधा मोकळी राहते. दोन वर्षांनंतर तो कोंपराच्या व गुडघ्याच्या लवणींत, मनगटांवर, घोट्यांवर आणि मानेवर ठाण मांडतो. मोठ्या माणसांत हात, मान आणि डोळ्यांच्या पापण्या या त्याच्या आवडत्या जागा होत. आणि तो बहुधा दोन्ही बाजूंना असतो. उजव्या लवणींत असला तर डाव्या लवणींतही पाहावें, तेथेंही थोडाफार सांपडतो.

रूपाविषयीं बोलतांना एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. परदेशी पुस्तकांतील चित्रें बहुतेक गोऱ्या कातडीचीं असतात, आणि त्यांत इसब लालभडक दिसतो. आपल्या गव्हाळ व सावळ्या वर्णावर तो तांबडेपणा तितका उमटत नाहीं. चट्टा काळपट, जांभळट किंवा राखी दिसतो. कधीं केसांच्या मुळांशीं उठलेल्या बारीक पुळ्यांमुळें कातडी गोणपाटासारखी खरखरीत लागते. 'लाली नाहीं, तेव्हां विशेष कांहीं नाहीं,' असें म्हणून पुष्कळ आईबाप येथेंच फसतात. म्हणून डोळ्यांबरोबर बोटांनींही पाहावें. शेजारच्या निरोगी कातडीवरून चट्ट्यावर बोट फिरविलें, म्हणजे ती जागा उष्ण, जाड किंवा खरखरीत लागते. ताजा इसब ओलसर असतो व त्यावर पातळ खपली धरते. जुना झाला कीं कातडी चामड्यासारखी जाड होऊन तिच्यावरच्या रेघा ठळक दिसूं लागतात. आणखी एक गोष्ट अशी कीं, इसबाच्या चट्ट्याला रेखीव कांठ नसतो. पाण्यांत शाईचा थेंब विरावा तसा तो भोंवतालच्या कातडींत विरून जातो.

चट्टा बरा झाल्यावर त्या जागीं कांहीं महिने फिकट किंवा काळसर डाग राहतो. लहान मुलांच्या गालांवर असे फिकट डाग पुष्कळ दिसतात, आणि घरांत लगेच दोन तर्क निघतात. आजी म्हणते, पोटांत जंत झाले; शेजारीण हळूच म्हणते, कोड तर नव्हे? त्या डागावर बारीक कोंडा असेल, त्याची कड अस्पष्ट असेल, व तो नुसता फिकट असेल, तर तें बहुधा कोड नव्हे. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा व स्पष्ट कांठाचा असतो. इसबाचा डाग सावकाश मूळ रंगावर येतो. त्यासाठीं मुलाला जंतांचें औषध पाजण्याचें कारण नाहीं.

तिसरी खूण पुनरावृत्ति. इसब एकदां येऊन कायमचा जात नाहीं. थंडींत कातडी कोरडी पडली कीं तो उलटतो, वैशाखांत घाम आला कीं उलटतो, परीक्षेचें दडपण आलें तरी उलटतो. मधल्या काळांत त्वचा जवळजवळ स्वच्छ असते. पुष्कळ मुलांत तो वाढत्या वयाबरोबर सौम्य होतो, हा मोठा दिलासा आहे.

चौथी खूण घराणें. मुलाला स्वतःला, किंवा त्याचे आईबाप व भावंडें यांपैकीं कोणाला दमा, सकाळच्या शिंकांची मालिका, डोळ्यांना खाज असे विकार आहेत काय तें विचारावें. दमा, शिंका आणि इसब हीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत.

या चार खुणा माझ्या मनच्या नव्हेत. १९८० सालीं हॅनिफिन आणि रायका या दोन त्वचारोगतज्ज्ञांनीं या रोगाचीं लक्षणें नेमकीं मांडलीं, त्यांतील मुख्य चार लक्षणें हींच आहेत. चारांपैकीं निदान तीन असावींत असा त्यांचा दंडक होता. त्याखेरीज कोरडी त्वचा, तळहातावरील ठळक रेषा, खालच्या पापणीखालची जादा वळी अशीं किरकोळ लक्षणें त्यांनीं पुढें दिलीं आहेत.

इसब काय आहे तें झालें. आतां तो काय नव्हे तेंही पाहिलें पाहिजे, कारण घरोघर गफलत होते ती येथेंच.

नायटा, ज्याला आपण गजकर्ण म्हणतों, तो बुरशीचा रोग आहे. त्याचें कडें वाटोळें, कांठ उंचावलेला आणि मधला भाग पुष्कळदां स्वच्छ असतो. तो जांघेंत, कंबरेच्या पट्ट्याखालीं, जेथें घाम सांचतो तेथें अधिक होतो, आणि दिवसेंदिवस बाहेर पसरत जातो. हा मात्र लागट आहे. टॉवेल, अंतर्वस्त्रें व अंथरूण यांतून तो घरभर फिरतो. खरूज हा एका सूक्ष्म किड्याचा रोग आहे. बोटांच्या बेचक्या, मनगटें, बगला, बेंबी, कंबर या तिच्या जागा. रात्रीं खाज असह्य होते. आणि मुख्य खूण ही कीं, घरांतील एकाहून अधिक माणसें एकाच वेळीं खाजवूं लागतात. तेव्हां खाजेची तक्रार आली कीं पहिला प्रश्न विचारावा, 'घरांत आणखी कोणाला खाजतें काय?' उत्तर होय असें आलें, तर इसब बाजूला ठेवून आधीं खरजेचा विचार करावा. आणि डॉक्टरांनीं तसें ठरविलें, तर साऱ्या घराला एकाच दिवशीं औषध लागतें. सोरायसिसचा चट्टा इसबासारखा विरणारा नसतो. त्याला रेखीव कांठ असतो व त्यावर रुपेरी खवले जमतात. तो लवणींत न बसतां कोंपराच्या टोंकावर, गुडघ्याच्या वाटीवर व डोक्यांत बसतो, आणि नखांवर टांचणीनें टोंचल्यासारखे बारीक खळगे पाडतो. इसबासारखाच तोही लागट नाहीं.

राहिला कुष्ठरोग. त्याची खूण इसबाच्या नेमकी उलट आहे. इसबाची जागा फार जाणीव करून देते. कुष्ठाची जागा जाणीव हरवते. फिकट किंवा तांबूस डाग, खाज नाहीं, आणि त्यावर कापसाचें टोंक फिरविलें तर कळत नाहीं, ऊन-गार कळत नाहीं. असा डाग दिसला तर एक दिवसही न दवडतां सरकारी दवाखान्यांत जावें. औषध फुकट मिळतें, आणि रोग पूर्ण बरा होतो. १९८२ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारिलेली संयुक्त औषधांची योजना त्यासाठीं आहे. आणि कुष्ठरोग्यांना समाजापासून वेगळें ठेवणारा १८९८ सालचा कायदा २०१६ सालीं रद्द झाला आहे. कायद्यानें सोडलेली भीति आपण मनांत धरून बसण्याचें कारण नाहीं.

या चारांखेरीज आणखी एक प्रकार घरांत नित्य घडतो. तो म्हणजे बाहेरच्या एखाद्या वस्तूच्या स्पर्शानें उठणारा इसब. येथें स्थळ हाच साक्षीदार असतो. कपाळाच्या बरोबर मध्यें वाटोळा चट्टा उठला, तर टिकलीच्या चिकट द्रव्याचा संशय घ्यावा. कानाच्या पाळ्या आणि घड्याळाच्या पट्ट्याखालचें मनगट खाजलें, तर हलक्या धातूंतील निकेलचा. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, तर भांडीं घासण्याच्या साबणाचा. बिब्ब्याचें तेल तर प्रसिद्धच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं हिंदुस्थानांत आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर चमत्कारिक फोड उठूं लागले, तेव्हां त्याचें मूळ धोब्यानें कपड्यावर बिब्ब्यानें घातलेल्या खुणेंत सांपडलें. आणि गाजर गवत आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. १९५० नंतरच्या दशकांत पुण्याच्या परिसरांत त्याची नोंद झाली, आणि तेथून तें देशभर पसरलें. त्याचे कण वाऱ्याबरोबर येतात, म्हणून त्याचा इसब चेहरा, पापण्या, मान, कोंपराची लवण अशा ठिकाणीं उठतो. मोठ्या वयांत, पूर्वीं कधीं इसब नसतां, उघड्या अंगावर असा दाह उठला, तर आसपासच्या मोकळ्या जागेंत पांढऱ्या फुलांचें हें झुडूप माजलें आहे काय तें पाहावें.

ओळख चुकली म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें देतों. पहिलें उदाहरण मनाला लागणारें आहे. मी नोकरींत असतांना चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. ऐन उन्हाळ्यांतही तो लांब बाह्यांचा सदरा घालून येई. एके दिवशीं कवाईत करतांना बाही वर सरकली, आणि त्याच्या दोन्ही कोंपरांच्या लवणींतील चट्टे मुलांना दिसले. दुसऱ्या दिवशीं त्याच्या बाकावर कोणी बसेना. तिसऱ्या दिवशीं दोन पालक मुख्याध्यापकांकडे आले आणि त्या मुलाला कांहीं दिवस घरीं ठेवा म्हणाले. तीं माणसें दुष्ट नव्हतीं. तीं घाबरलेलीं होतीं. मुलाच्या वडिलांनीं त्याला डॉक्टरांकडे नेलें, आणि डॉक्टरांनीं एका कागदावर दोन ओळी लिहून दिल्या कीं, हा इसब आहे व तो कोणाला लागत नाहीं. त्या ओळी मीं वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविल्या, आणि त्याच बाकावर बसून त्या दिवशींचा धडा शिकविला. आठवड्याभरांत बाक पूर्ववत् भरला. पण मधले ते चार दिवस त्या पोरानें डबा एकट्यानें खाल्ला. इसबाची खाज औषधानें कमी झाली. त्या चार दिवसांचें काय, हें मला सांगतां येणार नाहीं. मुलीच्या बाबतींत तर ही गोष्ट लग्नाच्या बोलण्यापर्यंत जाते, आणि न लागणाऱ्या एका साध्या रोगासाठीं ठरत आलेलीं नातीं मोडतात.

दुसरें उदाहरण मलमांचें. १९५२ सालीं हायड्रोकॉर्टिझोनचें मलम इसबावर गुणकारी ठरलें, आणि त्या दिवसापासून स्टेरॉइड जातीच्या मलमांनीं असंख्य रोग्यांना आराम दिला आहे. योग्य रोगावर, योग्य जोराचें, डॉक्टर सांगतील तितके दिवस लावलें तर हें मलम विष नव्हे. त्याच्या नांवानेंच भिऊन मुलाला रात्ररात्र तळमळत ठेवणें हेंही बरोबर नाहीं. पण आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीचें औषध व जंतूंचें औषध अशा तिहींची खिचडी केलेलीं मलमें दुकानांत मिळतात, आणि माणूस 'खाजेवर कांहीं तरी द्या' म्हणून तीं घेऊन येतो. नायट्यावर असें मलम लावलें कीं चार दिवसांत खाज शमते, लाली जाते, आणि रोग बरा झाला असें वाटतें. वास्तविक बुरशी तशीच पसरत असते. मलम थांबवितांच ती दुप्पट जोरानें उसळते. आणि तिचें वाटोळें कडेंच नाहींसें झाल्यामुळें जाणत्या डॉक्टरलाही ती ओळखण्यास कठिण जातें. वर महिनोन् महिने वापरल्यानें कातडी पातळ होते व तिच्यावर कायमचे वण उमटतात. अलीकडच्या वर्षांत भारतांत नायटा फार चिवट झाला आहे, त्याला ही संवय पुष्कळ अंशीं कारण आहे. २०१८ सालीं भारत सरकारनें स्टेरॉइडचीं अनेक मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम केला. पण आपण चिठ्ठीवांचून मागावयाचें थांबविल्याशिवाय त्या नियमाचा पुरता उपयोग होणार नाहीं. शेजारच्या घरीं गुण आला म्हणून तीच नळी आपल्या मुलाला लावूं नका. तेथला रोग 'घ' असेल आणि तुमच्या घरचा 'ध'.

ओळख पटल्यावर घरीं करावयाच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. स्नान कोमट पाण्यानें व थोडक्यांत उरकावें. अंग खसाखसा न घासतां टिपून घ्यावें. आणि तें दमट असतांनाच खोबरेल, किंवा डॉक्टर सांगतील तें स्निग्ध मलम सर्वांगाला लावावें. चुन्याच्या भिंतीचा दृष्टान्त मघां दिला. ही रोजची डागडुजी समजा, आणि चट्टे नसतील त्या दिवसांतही ती चालूं ठेवा. नखें बारीक कापावींत. अंगालगतचे कपडे सुती असावेत. रॉकेल, लिंबाचा रस, लसूण, बिब्बा यांपैकीं कांहींही चट्ट्याला लावूं नये. आणि डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय वाढत्या मुलाचें दूध, अंडें, शेंगदाणे बंद करूं नयेत. पुष्कळ घरांत इसब तसाच राहतो आणि मूल मात्र वाळतें.

डॉक्टरांकडे केव्हां जावें? खाजेमुळें झोंप मोडत असेल तर, घरच्या काळजीनें दोन आठवड्यांत उतार पडला नाहीं तर, आणि ओळखीविषयीं शंका असेल तर अवश्य जावें. पिवळी खपली, पू किंवा ताप दिसला तर थांबूं नये. आणि इसबाच्या जागीं एकाच आकाराचे, दुखरे, मध्यें खळगा पडलेले फोड घोळक्यानें उठून झपाट्यानें पसरूं लागले, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तो निराळ्या विषाणूचा शिरकाव असतो, व त्यांत उशीर धोक्याचा.

श्रोतेहो, माझें सांगणें संपलें. उद्यां सकाळीं चांगल्या उजेडांत आपल्या मुलाचें अंग एकदां शांतपणें पाहा. कोंपराची लवण, गुडघ्याची लवण, मनगटें, मान. कांहीं आढळलें तर त्याला रागावूं नका, आणि त्याच्यादेखत 'शी' असें म्हणूं नका. खाज आहे काय, कांठ कसा आहे, दोन्ही बाजूंना आहे काय, घरांत आणखी कोणाला आहे काय, एवढे चार प्रश्न मनाशीं विचारा, उत्तरें कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांचें काम निम्म्यानें हलकें होईल. आणि दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावर असा चट्टा दिसला, तर आपल्या मुलाला त्याच्या शेजारीं बसूं द्या.